सेल्युकसचा सातबारा

बँकेत पीककर्जाच्या टेबलावर माणूस आठदहा वर्षे बसला की त्याला एक विकार जडतो. वैद्यकशास्त्रात त्याला अजून नाव नाही, पण आमच्या शाखेत त्याला 'सातबारा लागणे' असे म्हणतात. या विकाराचा रोगी लग्नाला गेला तर आधी मांडव कुणाच्या जागेत घातलाय ते बघतो. रंकाळ्यावर फिरायला गेला तर सूर्यास्ताकडे त्याचे लक्ष नसते. काठची जागा कुठल्या गटात येते याचा तो हिशेब करीत असतो. मला हा विकार होऊन बरीच वर्षे झाली. मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर सुरळीतपणे संपला होता. तो पुन्हा जुळला तो या सातबाऱ्यामुळेच.

ज्या वाचकांचा जमिनीशी संबंध कुंडीतल्या तुळशीपुरताच आहे, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. सातबारा म्हणजे गाव नमुना सात नि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कुणाकडे आहे ते असते, बारामध्ये तीत काय पिकते ते. एका कोपऱ्यात 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. सगळा महाभारताचा मसाला त्या रकान्यात. सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, बहिणींचा हिस्सा, विहिरीच्या पाण्याची पाळी. आणि गंमत अशी की ज्याच्या नावाने उतारा असतो त्याला हा कागद मालक म्हणतच नाही. 'भोगवटादार' म्हणतो. म्हणजे सध्या भोगतोय तो. उद्याचे उद्या बघू. सरकारी कागदात इतके तत्त्वज्ञान मी दुसरीकडे पाहिलेले नाही. हल्ली हा उतारा मोबाईलवर येतो, पण तत्त्वज्ञान तेच आहे.

तर माझा भाचा आमच्याकडे राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. कोल्हापुरात प्रत्येक घरात एक तालमीत जाणारा नि एक स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा असावा लागतो. आमच्याकडे तालीमवाला नाही, म्हणून हाच दोन माणसांचे खातो. एकदा जेवताना त्याने विचारले,

"मामा, सेल्युकसचं साम्राज्य आज कोणकोणत्या देशांत येतं?"

"तुझ्या गाईडात काय दिलंय?"

त्याने एका दमात म्हणून दाखवले. तुर्कस्तान, सिरिया, लेबनॉन, इस्रायल, पॅलेस्टाईन, जॉर्डन, इराक, कुवेत, इराण, तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान. चौदा भोगवटादार! माझ्या हातातला घास हातातच राहिला. आमच्याकडे चार भावांच्या सामाईक उताऱ्यावर कर्ज द्यायचे तर मॅनेजर आठ दिवस झोपत नाही.

"हे नुसतं सात झालं," मी म्हणालो. "फेरफार कुठायत?"

फेरफार म्हणजे जमीन एकाकडून दुसऱ्याकडे कशी गेली त्याच्या नोंदी. फेरफार न बघता उताऱ्यावर विश्वास ठेवणारा माणूस आमच्या खात्यात टिकत नाही. त्या रात्रीपासून मी सेल्युकसचे फेरफार काढायला बसलो. आमची मंडळी म्हणाली, "घराच्या घरफाळ्याची पावती तीन महिने सापडत नाहीये, आधी ती काढा." पण संशोधकाला घरचा पाठिंबा कधी नव्हताच.

पहिला फेरफार इसवी सनापूर्वी ३२३ चा. अलेक्झांडर बॅबिलोनमध्ये, म्हणजे आजच्या इराकात, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या आत वारला. मृत्युपत्र नाही, वारस म्हणावा तर एक मंदबुद्धीचा सावत्रभाऊ नि एक अजून पोटातला मुलगा. इस्टेट ग्रीसपासून पंजाबापर्यंत. पुढे काय झाले असेल ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही माणसाला सांगायला नको. सरदारांनी वाटण्या केल्या, मग त्या वाटण्या मोडून पुन्हा केल्या, मग एकमेकांना मारले. सेल्युकसाच्या वाट्याला बॅबिलोन आले, तेही काही वर्षांत एकाक्ष अँटिगोनसाच्या भीतीने सोडून त्याला इजिप्तला टॉलेमीकडे पळावे लागले. इसवी सनापूर्वी ३१२ मध्ये तो परत निघाला तेव्हा बरोबर जेमतेम हजारभर माणसे होती. एवढी माणसे आमच्याकडे साखर कारखान्याच्या सभेला पहिल्या अर्ध्या तासात जमतात. पण त्याने बॅबिलोन घेतले नि तिथून पुढे सरकत सरकत सिंधूपर्यंतचा मुलूख आपल्या नावावर चढवला.

या गृहस्थाने आणखी एक काम केले, ज्याबद्दल जगातल्या समस्त कारकुनांनी त्याचा फोटो भिंतीवर लावावा. त्याच्यापूर्वी बहुतेक ठिकाणी वर्षे राजाच्या कारकिर्दीने मोजायची पद्धत होती. राजा गेला की पुन्हा वर्ष पहिले. जुन्या नोंदी शोधायच्या तर आधी राजांची यादी पाठ हवी. सेल्युकसाची वर्षे मात्र तो मेल्यावरही त्याच्या मुलाने पुढे चालू ठेवली, नातवानेही ठेवली. सलग नंबर! राज्य बुडाल्यावर कित्येक शतके सिरियातले ख्रिस्ती नि येमेनमधले यहुदी या शकाने तारखा घालीत राहिले. आपला शालिवाहन शक इसवी सन ७८ पासून सुरू होतो, म्हणजे सेल्युकसाचे रजिस्टर उघडल्यावर जवळजवळ चारशे वर्षांनी. मी हे आमच्या हेड कॅशियरना सांगितले. ते एवढेच म्हणाले, "मग आपलं व्हाऊचर नंबरिंग दर एप्रिलला पुन्हा एकपासनं का सुरू करतात?" याला उत्तर नाही.

आता दुसरा फेरफार. हा आपल्याकडचा. इसवी सनापूर्वी ३०५ च्या सुमारास सेल्युकस सिंधू ओलांडून आला, तर समोर चंद्रगुप्त मौर्य. लढाई किती झाली याबद्दल जुने ग्रंथ फार बोलत नाहीत; तडजोड मात्र पक्की झाली. काबूल, कंदाहार, बलुचिस्तान या बाजूचा मुलूख चंद्रगुप्ताला, सेल्युकसाला पाचशे हत्ती, शिवाय सोयरीक. नाटकसिनेमांतून सेल्युकसाची मुलगी हेलन म्हणून येते. जुन्या लेखकांनी सोयरीक लिहिली आहे, मुलीचे नाव लिहिलेले नाही.

"म्हणजे पाकिस्तान नि अर्धा अफगाणिस्तान यादीतनं काढायचा?" भाच्याने विचारले.

"साल घालायचं," मी म्हणालो. "साल न घातलेला उतारा चालत नाही."

माझे खरे दुखणे इथेच आहे. नकाशात एक रंग फासून खाली 'साम्राज्याचा कमाल विस्तार' असे लिहितात. कमाल विस्तार म्हणजे काय? माणसाने आयुष्यातले सर्वांत जास्त वजन सांगावे तसे ते आहे. बलुचिस्तान सेल्युकसाकडे होता तेव्हा तुर्कस्तान त्याचा नव्हता, आणि तुर्कस्तान मिळाला तेव्हा बलुचिस्तान देऊन टाकलेला होता. आणि तो मिळाला कशाच्या जोरावर? तर त्याच हत्तींच्या! पाचशे हत्ती सिंधूपासून चालत निघाले ते इसवी सनापूर्वी ३०१ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या इप्ससच्या मैदानावर उभे राहिले. किती पोचले याबद्दल एक ग्रंथकार चारशे म्हणतो, एक चारशे ऐंशी. बँकेच्या भाषेत यातला फरक 'वाटेतली घट' म्हणून खर्ची टाकता येईल. त्या हत्तींची भिंत ओलांडून अँटिगोनसाच्या मुलाला आपले घोडदळ मागे आणता आले नाही; ऐंशी वर्षांचा म्हातारा मुलाची वाट बघत रणांगणात पडला. आमच्याकडे नांदणी मठाची महादेवी हत्तीण २०२५ च्या जुलैमध्ये कोर्टाच्या हुकमाने जामनगरला नेली, तर गावेच्या गावे रडत रस्त्यावर उतरली. पाचशे हत्ती गेले तेव्हा कोण रडले, याची नोंद मेगॅस्थिनीसनेही केलेली दिसत नाही.

व्याहीपण मात्र पुढच्या पिढीतही टिकले. चंद्रगुप्ताचा मुलगा बिंदुसार याने सेल्युकसाचा मुलगा अँटिओकस याला पत्र लिहून तीन वस्तू मागवल्या. गोड मद्य, सुके अंजीर नि एक तत्त्ववेत्ता. अँटिओकसाने उलट कळवले, की मद्य नि अंजीर पाठवतो, पण तत्त्ववेत्ता विकणे आमच्याकडे कायद्याने चालत नाही. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वीचा हा पत्रव्यवहार वाचून मला आमच्या हेड ऑफिसची आठवण झाली. मागणीपत्रातल्या तीनपैकी दोन बाबी मंजूर होऊन तिसरीवर नियमाचा शेरा, हे इथेही चुकलेले नाही. फरक इतकाच की अंजीर खरोखर मिळतात असे आमच्याकडे होत नाही.

बिंदुसाराचा मुलगा अशोक. त्याच्या शिलालेखात 'अंतियोक' नावाचा योनराजा येतो तो याच घराण्यातला नातू. त्याच्या राज्यातही मी माणसांसाठी नि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केली, असे अशोक लिहितो. आणि चंद्रगुप्ताला मिळालेल्या कंदाहारात अशोकाने आपला उपदेश ग्रीक नि अरामी भाषांत कोरला. तो लेख १९५८ साली सापडला. म्हणजे मुलूख बदलला तरी लोकांना त्यांच्या भाषेत कागद दिला पाहिजे हे अशोकाला कळत होते. सीमाभागातल्या वाचकांना यावर अधिक काही सांगायला नको.

सेल्युकसाला शहरे वसवण्याचा भारी नाद. वसवली तर वसवली, पण नावे? बापाच्या नावाने सोळा अँटिओक, आईच्या नावाने पाच लाओडिकिया, स्वतःच्या नावाने नऊ सेल्युकिया, बायकोच्या नावाने तीन अपामिया नि दुसऱ्या बायकोच्या नावाने एक स्ट्रॅटोनिकिया. आपल्याकडेही शाहूपुरी, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी, ताराबाई पार्क आहे, नाही असे नाही. पण राजारामपुरीला निदान गल्ल्यांचे नंबर आहेत. 'अँटिओक' एवढाच पत्ता घेऊन तुर्कस्तानपासून इराणपर्यंत हिंडणाऱ्या त्या काळच्या टपालवाल्याचे काय झाले असेल! त्यातली आई अजून नांदते आहे. सिरियातले लटाकिया बंदर म्हणजे लाओडिकिया. बापाचे मुख्य शहर म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले अंताक्या. तेही १९३९ पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यातल्या सिरियात होते, मग फेरफार होऊन तुर्कस्तानाकडे गेले. ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे भूकंपात हे अंताक्या जवळजवळ भुईसपाट झाले. टीव्हीवर ढिगाऱ्यापुढे बसलेली एक बाई दिसत होती. तिच्या मागे जिना उभा होता, घर नव्हते. इसवी सनापूर्वी ३०० मध्ये वसलेल्या गावातली ती सध्याची भोगवटादार.

दुसरी बायको स्ट्रॅटोनिकी म्हणालो, तिची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे गेलो तर मंडळी रागावतील, कारण एवढाच भाग त्यांनी लक्ष देऊन ऐकला. सेल्युकसाने उतारवयात ही तरुण राजकन्या केली. थोरला मुलगा अँटिओकस अंथरुणाला खिळला. अन्न जाईना, झोप येईना. राजवैद्याने नाडी धरून ठेवली नि राजवाड्यातल्या एकेकीला खोलीतून जायला लावले. सावत्र आई आली नि नाडी उधळली. वैद्य हुशार. त्याने राजाला सांगितले, "युवराजांचं माझ्या बायकोवर मन बसलंय." राजा म्हणाला, "मग देऊन टाक तुझी बायको, माझा एकुलता एक मुलगा आहे." "तुमची असती तर दिली असती का?" "आनंदानं!" मग खरे सांगितले. सेल्युकसाने खरोखरच बायको मुलाला दिली, वर पूर्वेकडचा सगळा मुलूख सांभाळायला दिला. हयातीतच केलेले हे बक्षीसपत्र! "अन् त्या बाईला कुणी विचारलं का?" मंडळींनी विचारले. पुस्तकात तेवढे नव्हते.

इसवी सनापूर्वी २८१ मध्ये सेल्युकसाचा खून झाला. त्यानंतरचे फेरफार भराभर वाचतो, कारण प्रत्येक पानावर एक तुकडा कमी होतो. बाल्खकडचा सुभेदार डायोडोटस स्वतंत्र झाला. म्हणजे आजचे उत्तर अफगाणिस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान गेले. पार्थियन टोळ्यांनी आधी तुर्कमेनिस्तान, मग हळूहळू सगळा इराण नि शेवटी इराक घेतला. यहुद्यांनी बंड करून यरुशलेम सोडवले. उरलेल्या सिरियात भाऊभाऊ इतके लढले की इसवी सनापूर्वी ६४ मध्ये रोमन सेनापती पाँपी आला तेव्हा त्याला जिंकायला फारसे काही शिल्लकच नव्हते.

पण मधल्या एका नोंदीवर मी दोन रात्री घालवल्या, कारण ती आमच्या धंद्यातली आहे. तिसरा अँटिओकस, ज्याला 'थोर' म्हणतात, रोमनांशी लढून हरला. इसवी सनापूर्वी १८८ मध्ये तह झाला. दंड पंधरा हजार टॅलेंट. पाचशे रोख, अडीच हजार तहावर शिक्का झाल्यावर, बाकीचे बारा हजार बारा वार्षिक हप्त्यांत. टॅलेंटचे वजन ऐंशी रोमन पौंडांपेक्षा कमी भरता कामा नये, असे कलमच घातले. एक टॅलेंट म्हणजे सुमारे सव्वीस किलो चांदी. असला चोख करारनामा वाचून मला रोमनांबद्दल आदर वाटला. शिवाय एक अट अशी, की यापुढे हत्ती बाळगायचे नाहीत. चंद्रगुप्ताच्या वेळेपासून हे घराणे हत्तींवर उभे होते. रोमनांनी बरोब्बर तारणावरच हात घातला. आता हप्ता कुठून भरायचा? दुसऱ्याच वर्षी राजेसाहेब इराणातल्या एका देवळाचा खजिना उचलायला गेले नि तिथल्या लोकांनी त्यांना ठार केले. कर्जदार वारला, कर्ज वारले नाही. मुलांनी फेडले. शेवटचा हप्ता उशिरा, इसवी सनापूर्वी १७३ मध्ये घेऊन वकील रोमला गेला नि उशिराबद्दल माफी मागून वर सोन्याची भांडी नजर केली. माझ्या साऱ्या नोकरीत थकबाकीदाराने माफी मागितल्याचे मला आठवत नाही. भांड्यांचे सोडाच.

इथपर्यंत येईतो भाच्याच्या मनात एक निराळीच शंका आली होती. "मामा, मग आपला टाऊन हॉलातला देव कुणाचा?"

टाऊन हॉलातला देव म्हणजे पोसायडन. सीपीआर दवाखान्यासमोरच्या बागेत टाऊन हॉलची ती उंच छपराची इमारत आहे, १८७२ ते १८७६ मध्ये बांधलेली. आत वस्तुसंग्रहालय. तिथे वीतभरही उंची नसलेली एक काशाची मूर्ती आहे. दाढीवाला, पीळदार अंगाचा, हातातला त्रिशूळ हरवलेला ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर प्राध्यापक कुंदणगारांना तो काशाच्या सुरया नि भांड्यांबरोबर मिळाला. मग १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया नि दीक्षितांनी तिथे रीतसर उत्खनन केले, तेव्हा सातवाहनांच्या काळची विटांची घरे निघाली. समुद्रापासून शंभर किलोमीटरवर, मध्ये सह्याद्री, आणि इथे समुद्राचा देव! महाबळेश्वराकडून आलेली कृष्णा नि आमची पंचगंगा यांपलीकडे ज्याला पाणी माहीत नाही अशा गावात त्या देवाने काय करायचे? अंगकाठी बघता त्याला कोल्हापुरात तालमीत प्रवेश मिळाला असता, एवढे मात्र खरे.

लोक सांगतात, अलेक्झांडरच्या सैनिकाने आणला. तसे नाही. मूर्ती पहिल्या शतकातली, म्हणजे सेल्युकसाचे राज्य बुडून रोमन साम्राज्य आल्यानंतरची. घडण ग्रीक पद्धतीची, पण आली ती रोमनांच्या व्यापारी गलबतांतून. कोकणातल्या कुठल्यातरी बंदरात उतरून, बैलाच्या पाठीवर घाट चढून. त्या वेळी इथे ज्यांची नाणी चालत त्यांतला एक विळिवायकुर. अलेक्झांड्रियात बसून पृथ्वीचा भूगोल लिहिणाऱ्या टॉलेमीने, म्हणजे राजघराण्याशी नाते नसलेल्या दुसऱ्या टॉलेमीने, 'हिप्पोकुरा' ही 'बॅलिओकुरोस'ची राजधानी म्हणून नोंदवली आहे. हा बॅलिओकुरोस म्हणजे विळिवायकुर, असे रा. गो. भांडारकरांनी मांडले, हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूर असेही काही संशोधक मानतात, काही मानीत नाहीत. मी मानतो. घरफाळा कोल्हापुरात भरत असल्यामुळे एवढा अधिकार मला आहे. कार्ल्याच्या लेण्यात 'यवन' म्हणवणाऱ्या लोकांनी खांब दान दिलेत. त्यांनी आपली नावे ब्राह्मीत नि प्राकृतात कोरून घेतली आणि बुद्धापुढे हात जोडले. त्यांचे वंशज आज कुठल्या तालुक्यात ऊस लावतात, कोण सांगणार?

"म्हणजे देव आपलाच," भाचा म्हणाला.

"भोगवटादार वर्ग एक," मी म्हणालो.

हे सगळे मी एका रविवारी आमच्या गल्लीतल्या काकांना सांगत होतो. काका पूर्वी कुवेतला होते. एअरकंडिशन दुरुस्तीचे काम. १९९० च्या २ ऑगस्टला सकाळी ते कामावर निघाले, तर रस्त्यावर रणगाडे. इराकने कुवेत घेतला नि त्याच महिन्यात जाहीर केले, की हा आमचा एकोणिसावा प्रांत. जुन्या तुर्की अमलात कुवेत बसऱ्याखाली होता, असा त्यांचा फेरफार. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. काकूंच्या घरी गल्लीतल्या बायका रोज रेडिओजवळ बसायच्या एवढे आठवते.

काका बसमधून निघाले. बसरा, बगदाद, मग वाळवंट ओलांडून जॉर्डनची हद्द, तिथे तंबूत दिवस काढून अम्मान, नि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. ऑगस्ट ते ऑक्टोबर असे लाखाहून अधिक भारतीय त्या विमानांनी आले. मी काकांना नकाशा दाखवला. "काका, बगदादच्या दक्षिणेला सेल्युकसाची राजधानी. अम्मान म्हणजे फिलाडेल्फिया, टॉलेमीनं नाव दिलं, मागनं सेल्युकसाच्या वंशजांनी घेतलं. आणि कुवेतचं फैलका बेट म्हणजे ग्रीकांचं इकारोस. तुम्ही अख्खं साम्राज्य फिरून आलात!"

"फैलका?" काका म्हणाले. "शुक्रवारी लाँचनं जायचो की आम्ही. मासं भाजायला."

फैलकावर एक ग्रीक शिलालेख सापडला आहे. राजाच्या अधिकाऱ्याचे पत्र दगडावर कोरलेले. बेटावर देवळाची नि वस्तीची व्यवस्था कशी लावायची ते त्यात आहे, आणि एक वाक्य असे, की ज्यांना जमीन हवी असेल त्यांना द्या. ते ती कसतील, झाडे लावतील नि ती त्यांच्याकडे वंशपरंपरेने राहील. कसेल त्याची जमीन! आपल्या कूळकायद्याने १९५७ च्या १ एप्रिलला जो हक्क दिला, तो सेल्युकसाच्या माणसांनी कुवेतच्या बेटावर बावीसशे वर्षांपूर्वी दगडावर लिहून ठेवला होता. मी फारच खूष होऊन हे सांगत होतो. मग पुढचे सांगावे लागले. १९९० मध्ये इराकी फौजेने फैलकावरच्या सगळ्या लोकांना हुसकले. बेटावर सुरुंग पेरले. युद्ध संपल्यावर कुवेत सरकारने त्या लोकांना मुख्य भूमीवर घरे दिली; बेटावर पूर्वीची वस्ती पुन्हा भरली नाही. वंशपरंपरेचा कागद दगडाचा होता तरी.

काका बराच वेळ नकाशा बघत बसले. मग त्यांनी कपाटातून एक फाईल आणली. नुकसानभरपाईचे कागद. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये कमिशन नेमून इराकच्या तेलाच्या पैशातून भरपाई द्यायची ठरवली, त्यात कुवेत सोडावा लागलेल्या माणसाला ठराविक रक्कम होती. काकांनाही काही वर्षांनी ती मिळाली; त्यातून घराचा स्लॅब पडला. "इराकनं फेडलं का हो सगळं?" त्यांनी मला विचारले, मी बँकेतला म्हणून. फेडले. एकूण ५२.४ अब्ज डॉलर. शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये. अँटिओकसाच्या बारा हप्त्यांना पंधरा वर्षे लागली, इराकच्या हप्त्यांना तीस. ज्याने कुवेत घेतला तो २००६ मध्ये फासावर गेला. त्याच्या मागे हप्ते भरणारे लोक युद्ध झाले तेव्हा बहुतेक शाळेत तरी होते किंवा जन्मलेले नव्हते. हे मी काकांना सांगितले.

"तंबूत आमच्या शेजारी एक इराकी ड्रायव्हर होता," काका म्हणाले. "बस त्याचीच. आम्हाला सोडून परत जायचं होतं त्याला. डिझेल संपलेलं. आम्ही त्याला भात दिला. तो म्हणायचा, माझ्या पोरांना बघितलं नाही बारा दिवस." मग फाईलची दोरी बांधताना त्यांनी विचारले, "ते हत्ती कुठं गेले म्हणालास?"

"कुठले?"

"चंद्रगुप्तानं दिलेले. त्यांचं पुढं काय झालं?"

दिलेले पाचशे केव्हाच मरून गेले असणार. पण घराण्याने हत्ती सोडले नव्हते, पुढचे अँटिओकसही भारताच्या वेशीवरून नवे नेत राहिले. तहाने बंदी आली तरी सिरियातल्या अपामियाच्या पागेत हत्ती होतेच. इसवी सनापूर्वी १६२ मध्ये रोमचा तपासनीस आला. तहातले कलम दाखवून त्याने सगळ्या हत्तींच्या पायांच्या शिरा तोडायला लावल्या. लोकांना ते इतके असह्य झाले की लाओडिकियात, म्हणजे लटाकियात, एका माणसाने त्या तपासनिसाला भोसकले.

काका काही बोलले नाहीत. आतून काकूंनी चहा आणला. भाच्याने खिशातली वही काढून लिहून घेतले : इ. स. पू. १६२, अपामिया, हत्ती. "परीक्षेला येत नाही हे," मी म्हणालो. "असू दे की," तो म्हणाला नि काकांच्या नकाशावर अपामिया शोधायला लागला.